वस्तीच्या वर्तमानपत्राचे कूळ

नागपुरी वृत्तपत्रांचा इतिहास निघाला की १९११ चा ‘हितवाद’ आणि १९१४ चा गोपाळराव ओगल्यांचा ‘महाराष्ट्र’ ही नावे आधी येतात. यायलाच हवीत. पण गिरणीकामगाराच्या, गावकुसाबाहेरच्या माणसाच्या पत्रांचे कूळ वेगळे आहे आणि ते शोधत निघाले की वाट मोहप्याला जाते.

कळमेश्वर तालुक्यातल्या या गावी १८७९ साली, महार कुटुंबात किसन फागूजी बनसोडे जन्मले. १९१० मध्ये त्यांनी नागपुरात स्वतःचा छापखाना काढला. माझ्या मते या कुळाचा जन्म तिथेच झाला. लिहिणारे त्याआधीही होते. गोपाळबाबा वलंगकर ‘दीनबंधु’त लिहीत आणि १८८८ मध्ये त्यांची ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका निघाली. पण दुसऱ्याच्या छापखान्यात मजकूर न्यायचा म्हणजे त्याच्या मर्जीवर राहणे आले. एकेक खिळा हाताने जुळवून पान उभे करायचे ते दिवस. ज्यांना पाणवठ्यावर हात लावू देत नव्हते, त्यांच्यातल्या एकाच्या मालकीचे ते खिळे झाले, ही गोष्ट लहान नव्हे.

त्याच १९१० साली बनसोड्यांचे ‘निराश्रित हिंद नागरिक’ हे पत्र निघाले. हे नाव सावकाश वाचावे. ज्याला कुणाचा आसरा नाही तोही नागरिक आहे, असा दावा त्या तीन शब्दांत आहे आणि तो संविधानाच्या चाळीस वर्षे आधीचा आहे. १९१३ मध्ये ‘विटाळ विध्वंसक’ आले. कोकणातल्या वलंगकरांचा शब्द पंचवीस वर्षांनी नागपुरात पुन्हा उभा राहिला.

मग १९१८ ची ‘मजूर पत्रिका’. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली १ जानेवारी १८७७ रोजी. त्याच दिवशी पुण्यात कृष्णराव भालेकरांनी ‘दीनबंधु’ सुरू केला. गिरणी आणि बहुजनांचे पत्र एकाच दिवशी जन्मले. एम्प्रेसच्या कामगारांत वावरणाऱ्या बनसोड्यांच्या हातून एकेचाळीस वर्षांनी या दोन धाग्यांची गाठ पडली. ‘मजूर पत्रिका’ १९२२ पर्यंत चालली. त्याच सुमारास कामठीच्या हरदास लक्ष्मणराव नगराळे यांनी ‘महारठ्ठा’ हे साप्ताहिक काढले. तेव्हा त्यांनी विशी गाठलेली नव्हती. बनसोड्यांना आदर्श मानणारा हा तरुण ‘बाबू हरदास’ म्हणून ओळखला गेला आणि ‘जय भीम’ हा अभिवादनाचा शब्द रुजवण्याचे श्रेय त्याच्याकडे जाते.

बनसोड्यांनी आपल्या आणखी एका पत्राला ‘चोखामेळा’ हे नाव दिले. संतपरंपरेवर त्यांची श्रद्धा होती, म्हणून धर्मांतराच्या प्रश्नावर त्यांचा आणि बाबासाहेबांचा मार्ग वेगळा झाला. हा मतभेद झाकू नये, तसाच त्यांचे ऋण विसरण्याचे कारणही करू नये. १९४६ मध्ये ते गेले. दहा वर्षांनी याच नागपुरात दीक्षाभूमीवर जे लाखो लोक जमले, त्यांच्यात वाचणारी, वाद घालणारी पिढी होती. ती घडवण्यात या पत्रांचा वाटा आहे.

नागपूर, कामठी, उमरेड, मोहपा इथल्या कुणाच्या घरी आजोबांच्या पेटीत या पत्रांचा एखादा पिवळा पडलेला अंक असेल, तर तो रद्दीत देऊ नका. जवळच्या ग्रंथालयात न्या आणि त्याची प्रत काढून घ्या.