आगमनकाळ आणि ‘कारितास’
नाताळापूर्वीच्या चार रविवारांच्या ‘आगमनकाळा’चे लॅटिन नाव ‘आद्वेन्तुस’, म्हणजे येणे. रोमन व्यवहारात हा शब्द सम्राटाच्या समारंभपूर्वक नगरप्रवेशासाठी रूढ होता, आणि तोच गव्हाणीत निजवलेल्या बालकासाठी योजला जावा, हा विरोध मोठा बोलका आहे. या काळात अपेक्षित असलेल्या प्रीतीला ग्रीक नव्या करारात ‘अगापे’, म्हणजे परतफेडीची अट न घालणारे प्रेम, म्हटले असून लॅटिन बायबलात तिच्यासाठी बहुधा ‘कारितास’ येतो, जो ‘प्रिय’ आणि ‘महाग’ असे दोन्ही अर्थ असलेल्या ‘कारुस’पासून बनला. त्यातूनच पुढे इंग्रजी ‘चॅरिटी’ निघाला, पण दानधर्मापुरता आक्रसला; पौल मात्र करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या 13 व्या अध्यायात, सर्वस्व वाटून टाकणाऱ्याच्या ठायीही प्रीती नसू शकते, असे बजावतो.