जांभळा: राजाचा की आपला?

परवा भाच्याने मेलवर एक पोस्टर पाठवलं. पुण्यात डिझाइन शिकतोय तो. आमचं गाव महाळुंगे पडवळ, हुतात्मा बाबू गेनूंचं जन्मगाव. १२ डिसेंबरच्या त्यांच्या स्मृतिदिनासाठी पठ्ठ्याने हौसेने केलं होतं. पण पोस्टर अख्खं जांभळं! विचारलं तर म्हणाला, "आत्या, पर्पल म्हणजे रॉयल. डिझाइनमध्ये असंच मानतात."

रॉयल? गिरणीत राबणाऱ्या पोराला राजाचा रंग? मला काही पटेना. मग बसले वाचत.

जांभळा राजाचा झाला तो मुख्यतः महाग होता म्हणून. भूमध्य समुद्रातल्या गोगलगायींपासून तो काढत. १९०९ साली फ्रीडलेंडर नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १२,००० गोगलगायी वापरल्या, तेव्हा हाती आला जेमतेम १.४ ग्रॅम रंग! असलं कापड रोमच्या सम्राटांनाच परवडणार. आपल्याकडेही काम सोपं नव्हतं. कापड आधी निळीत बुडवायचं, मग त्यावर लाखेचा किंवा मंजिष्ठेचा लाल चढवायचा. एका रंगासाठी दोनदा खटाटोप.

मग १८५६ साली लंडनमध्ये गंमत झाली. १८ वर्षांचा विल्यम पर्किन सुट्टीत घरी मलेरियावरचं क्विनीन बनवू पाहत होता. क्विनीन काही जमलं नाही, पण भांड्यात उरलेल्या काळ्या गाळातून जांभळा रंग निघाला. मूळ माल काय, तर दगडी कोळशाचं डांबर! १८५८ साली व्हिक्टोरिया राणीने मुलीच्या लग्नात फिकट जांभळा पोशाख घातला आणि या रंगाचं वेडच लागलं. पाठोपाठ डांबरातून इतरही रंग निघाले, स्वस्त झाले. ते विलायती कापडावर बसून आपल्या बाजारात आले, आणि इथल्या रंगाऱ्यांच्या पोटावर पाय आला.

अशाच विलायती कापडाने भरलेला ट्रक १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत काळबादेवीला निघाला होता. बाबू गेनू त्याच्यापुढे आडवे झाले. ट्रक थांबला नाही. वय अवघं २२.

इथे एक गोष्ट मला अडली, ती लपवत नाही. तेव्हाच्या आपल्या गिरण्यांचं कापड देशी असलं, तरी त्यावरचे रासायनिक रंग बहुतेक परदेशातूनच यायचे. वलसाडजवळचा अतुलचा रंगांचा कारखाना सुरू झाला तो १९५२ साली. म्हणजे स्वदेशीची लढाई धाग्यापाशी संपत नव्हती. पण म्हणून त्या पोराचं आडवं होणं कमी होत नाही. कुठूनतरी सुरुवात करावी लागते, त्याने स्वतःपासून केली.

आणखी एक योगायोग सापडला. बाबू गेनूंचा जन्म १९०८चा. त्याच साली लंडनमध्ये मताधिकारासाठी लढणाऱ्या बायकांनी आपल्या निशाणासाठी जांभळा, पांढरा आणि हिरवा हे रंग निवडले. त्यांचा जांभळा स्वाभिमानाचा होता. म्हणजे रंगाला अर्थ चिकटवतात ती माणसंच. आधी किमतीने चिकटवला, मग लढ्याने.

आणि आपल्या भाषेत तर त्यात राजा आलाच नाही. आपण म्हणतो जांभळा, वांगी, अंजिरी. सगळी नावं झाडावरची, परड्यातली!

भाच्याला म्हटलं, "रंग राहू दे. फक्त 'रॉयल' म्हणू नकोस."

"मग काय म्हणू?"

"जांभळा म्हण. पावसाळ्याच्या तोंडाला गावात सगळ्यांच्या जिभेवर असतो तो."

हसला. पोस्टर तसंच ठेवलंय, खाली नाव मात्र आता मोठ्या अक्षरात आहे.

असो. तुमच्या आज्यांच्या लुगड्यांत हा रंग होता का? त्याला काय म्हणायच्या? जरूर कळवा.