कर्दळीला खत लागतं का? विश्रामबागच्या काळ्या मातीतल्या कर्दळीची निगा

कर्दळ म्हणजे लावून विसरून जायचं झाड, असा समज महाराष्ट्रात घरोघरी आहे. तो कुठून आला हे पाहिलं की तिच्या खतपाण्याचा निम्मा हिशोब तिथेच कळतो. जुन्या घरांत कर्दळ असायची परसात, न्हाणीचं आणि भांडी घासण्याचं पाणी जिथे जाऊन मुरायचं तिथे, अळू आणि केळीच्या शेजारी. तिथली जमीन बारा महिने ओली राहायची आणि पाण्याबरोबर येणारं खरकटं तिथेच कुजायचं. झाडाला खत मिळतच होतं, फक्त ते कुणी मुद्दाम घालत नव्हतं.

सांगलीच्या विश्रामबागसारख्या उपनगरात आज बंगल्यांचं आणि अपार्टमेंटचं पाणी पाइपातून निघून जातं. कर्दळ उरली आहे ती कंपाउंडच्या भिंतीलगतच्या हातभर पट्ट्यात किंवा गच्चीवरच्या कुंडीत. मग पानं येतात पण फुलं येत नाहीत, पानं पिवळी पडतात आणि ‘कर्दळ तर कुठेही येते ना?’ हा प्रश्न पडतो. येते, पण उपाशीपोटी फुलत नाही.

मुळात हे झाड अमेरिका खंडातल्या उष्ण प्रदेशांतलं. शास्त्रीय नाव ‘कॅना इंडिका’ असलं तरी ते भारतातलं नाही. (जुन्या मराठीत ‘कर्दळी’ हा शब्द केळीसाठीही आहे. त्यामुळे दत्तसंप्रदायातल्या कर्दळीवनाशी या झाडाचा संबंध जोडण्याची घाई करू नये.) केळ, आलं आणि सांगलीच्या बाजारपेठेची ओळख असलेली हळद ही सगळी कर्दळीची वनस्पतिशास्त्रातली चुलत भावंडं आहेत. हळदीला किंवा केळीला किती खत आणि पाणी लागतं हे इथल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारावं. कर्दळीची भूक त्याच जातीची आहे.

विश्रामबागची अडचण अन्नाची कमी, मातीची जास्त आहे. कृष्णाकाठची काळी माती तशी सकस, पण चिकण, चुनखडीयुक्त आणि सामू बहुधा साडेसातच्या वर. अशा मातीत लोह असूनही झाडाला उचलता येत नाही. उसाची कोवळी पानं पिवळी-पांढरी पडतात त्याला शेतकरी ‘केवडा’ म्हणतात. कर्दळीवरही तोच प्रकार दिसतो.

त्यामुळे लागवडीआधी माती सैल करणं हे खतापेक्षा महत्त्वाचं. एक चौरस मीटर जागेला चार-पाच किलो चांगलं कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट आणि मूठभर निंबोळी पेंड पुरेशी होते. साखर कारखान्याचं प्रेसमड मिळत असेल तर ते पूर्ण कुजवलेलंच घ्यावं. ताज्याची उष्णता कंदाला बाधते. दोन-तीन डोळे असलेला कंद आठ-दहा सेंटिमीटर खोल लावावा आणि दोन कंदांत दीड फूट अंतर ठेवावं. दिवसातून सहा तास ऊन नसेल तर पुढची सगळी मेहनत पानांवरच खर्च होते.

वरखत द्यायचं ते वाढ चालू असताना, म्हणजे साधारण फेब्रुवारीअखेरपासून ऑक्टोबरपर्यंत. पाण्यात विरघळणारं १९:१९:१९ लिटरला दोन ग्रॅम या प्रमाणात घ्यावं. जमिनीतल्या झाडांना महिन्यातून एकदा चौरस मीटरला दहा लिटर आणि चौदा-सोळा इंची कुंडीला पंधरवड्याने एक लिटर. आधी साधं पाणी द्यावं, मग खताचं. कोरड्या मातीत खत ओतलं तर मुळं भाजतात. डिसेंबर-जानेवारीत वाढ मंदावते, तेव्हा खत बंद ठेवून पाणीही कमी करावं.

युरियाचा मोह टाळावा. महिन्याभरात पानं हत्तीच्या कानाएवढी होतात, बघून बरं वाटतं, पण फुलांचा दांडा मागे पडतो आणि लुसलुशीत पानांवर मावा आणि अळ्या आधी येतात.

रील्समधले घरगुती उपाय इथे कितपत चालतात? अंड्याची टरफलं विश्रामबागच्या मातीत घालणं म्हणजे समुद्रात मीठ टाकणं, कारण तिथे चुना आधीच भरपूर आहे. राखेने सामू आणखी वाढतो, म्हणजे केवड्याला आमंत्रणच. हाडांच्या चुऱ्यातलं स्फुरद चुनखडीच्या जमिनीत झाडाला फारसं मिळत नाही. केळीच्या सालीच्या पाण्याने नुकसान नाही, पण त्यात पोषण नगण्य. साली सरळ कंपोस्टमध्ये गेलेल्या बऱ्या.

इंटरनेटवर वारंवार दिसणारा आणखी एक सल्ला म्हणजे थंडीआधी कंद उकरून घरात ठेवा. तो बर्फ पडणाऱ्या देशांसाठी आहे. सांगलीच्या थंडीत कंद जमिनीत सुखरूप राहतो. इथे जपायचं ते एप्रिल-मेच्या उन्हापासून. पारा चाळिशीच्या आसपास गेला की कुंडीला रोज आणि जमिनीला एक-दोन दिवसाआड पाणी लागतं. बुंध्याशी उसाच्या पाचटाचा तीन-चार इंच थर दिला तर ओल टिकते, काळी माती भेगाळत नाही आणि पाचट कुजून खतही होतं. पावसाळ्यात काही दिवस पाणी साचलं तरी कर्दळ सोसते. सांडपाणी शुद्ध करण्याच्या वाफ्यांत ती लावतात ते याच गुणामुळे. मात्र कुंडीखालच्या बशीत पाणी साठू देऊ नये. डेंग्यूचे डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतात.

पिवळं पान काय सांगतं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, कारण पिवळं पान दिसलं की हात खताकडे जातो. खालची, जुनी पानं सरसकट फिकट होत असतील तर नत्राची कमतरता आहे आणि खत देणं बरोबर. जुन्या पानांच्या कडाच करपत असतील तर बहुधा पालाश कमी पडतंय किंवा पाणी. पानाच्या मागे नारिंगी-तपकिरी पूड हाताला लागली तर तो तांबेरा. ती पानं कापून टाकावीत आणि पाणी पानांवर न मारता बुंध्याशी द्यावं. नवं पान उमलताना चिकटून गुंडाळलेलं राहिलं किंवा उघडल्यावर त्यात ओळीने भोकं दिसली तर आत अळी होती. सुरळी उलगडून ती वेचणं हा घरगुती बागेत पुरेसा उपाय आहे.

कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या, हा केवडा. त्यावर चिलेटेड लोह लिटरला एक ग्रॅमपर्यंत मिसळून संध्याकाळी पानांवर फवारावं. जमिनीत घातलेलं साधं हिराकस चुनखडीत लवकर अडकून बसतं. आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोन फवारण्या झाल्यावर येणारं नवं पान हिरवं निघालं, तर निदान बरोबर होतं.

ते हिरवं निघालं नाही, आणि शिरांच्या कडेने तुटक, वेडेवाकडे पिवळे पट्टे दिसत राहिले, पानं आक्रसली, झाड खुजं राहिलं, फुलांच्या रंगात चिरा पडल्या, तर विषाणूचा संशय धरावा. कर्दळीवर ‘कॅना यलो मॉटल व्हायरस’सारखे विषाणू येतात आणि त्यांवर औषध नाही. खताने झाड चार दिवस टवटवीत दिसतं, विषाणू कंदात तसाच राहतो. (काही शोभेच्या जातींच्या पानांवर मुळातच पिवळे पट्टे असतात. ते प्रत्येक पानावर सारखे, रेखीव असतात आणि झाड जोमदार असतं.)

आपल्याकडे कर्दळ विकत कमी घेतली जाते, शेजारणीकडून जास्त आणली जाते. विषाणूही मुख्यतः तसाच पसरतो, कंदातून आणि काही प्रमाणात मावा व पिठ्या ढेकणासारख्या किडींमार्फत. म्हणून कंद मागताना झाड सुप्त असताना नव्हे, पानांवर असताना पाहून मागावा. बाधित झाड कंदासकट उपटून प्लास्टिकच्या पिशवीत बांधून कचऱ्यात द्यावं, कंपोस्टमध्ये नको. कात्री आणि खुरपं स्पिरिटने पुसून मगच दुसऱ्या झाडाला लावावं.

निरोगी बेटाचीही दोन-तीन वर्षांनी विभागणी लागते, नाहीतर कंद एकमेकांत गुंतून मधला भाग फुलणं थांबवतो. त्याआधीही फुलून गेलेला प्रत्येक दांडा जमिनीलगत कापत राहावं. एकदा फुलून संपलेल्या दांड्यावर पुन्हा फूल येत नाही, जागा मात्र अडते. बी धरू दिलं तर जोर तिकडे जातो. बी हवंच असेल तर ते काळं आणि गोळीसारखं टणक असतं. अर्जेंटिनात एका थडग्यात अक्रोडाच्या कवचात सापडलेलं कित्येक शतकांपूर्वीचं बीसुद्धा रुजलं होतं. घरी रुजवताना सालीवर कानशीने ओरखडा काढून ते दिवसभर कोमट पाण्यात ठेवावं. संकरित जातीच्या बीपासून येणाऱ्या रोपाचं फूल आईसारखं असेलच असं नाही. तोच रंग हवा असेल तर कंदच लावावा.