थरच्या वाळवंटातील वारसा

राजस्थानातील थर वाळवंटात जैसलमेरच्या परिसरात निसर्ग आणि इतिहास यांचा वारसा शेजारी शेजारी आहे. रावळ जैसल यांनी ११५६ मध्ये वसविलेल्या, पिवळ्या वालुकाश्माच्या किल्ल्यात आजही लोकवस्ती आहे. २०१३ मध्ये त्याचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. मात्र घरोघरी नळ आल्यावर सांडपाणी टेकडीत मुरून काही बुरूज ढासळले. शहरापासून सुमारे १७ किलोमीटरवर आकल येथे ज्युरासिक काळातील वृक्षांचे जीवाश्म जतन केले आहेत. ३,१६२ चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय मरू उद्यान हा माळढोकांचा प्रमुख आसरा आहे. परंतु या भागातील वीजवाहिन्यांवर आदळून हे दुर्मीळ पक्षी मृत्युमुखी पडतात. रखरखाटात टिकलेला हा ठेवा पाणी आणि वीज या सोयींपासून जपणे, हेच आता आव्हान आहे.