चांदीपुरा विषाणू

चांदीपुरा विषाणू हा मुख्यतः १५ वर्षांखालील मुलांमध्ये तीव्र मेंदूज्वर घडवून आणणारा विषाणू आहे. महाराष्ट्रातील नागपूर येथील चांदीपुरा या ठिकाणाच्या नावावरून त्याचे नामकरण झाले. तो रॅब्डोव्हिरिडी कुळातील असून, रेबीजचा विषाणूही याच कुळात मोडतो.

शोध

१९६५ मध्ये नागपूर परिसरात तापाची साथ चालू असताना पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने (आताची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था) दोन प्रौढ रुग्णांच्या रक्तातून हा विषाणू वेगळा केला. त्या साथीत चिकुनगुनिया व डेंग्यू हे आजार आढळत होते. त्यामुळे नव्या विषाणूकडे दीर्घकाळ सौम्य तापाचे एक कारण एवढ्याच दृष्टीने पाहिले गेले. त्याचे घातक रूप स्पष्टपणे समोर आले ते २००३ मध्ये. त्या वर्षी आंध्र प्रदेशातील साथीत ३२९ मुले आजारी पडली व त्यांपैकी १८३ दगावली. २००७ मध्ये नागपूर विभागातच मुलांमध्ये साथ उद्भवली. २०२४ च्या पावसाळ्यात गुजरातमध्ये मोठा उद्रेक झाला.

प्रसार

विषाणूचा प्रसार प्रामुख्याने वाळूमाशीच्या चाव्यातून होतो. ही माशी डासाहून लहान असते, मातीच्या भिंतींच्या भेगांत व गोठ्यांच्या आसपासच्या ओलाव्यात वाढते आणि संध्याकाळनंतर चावते. गोचिडी व डास यांचाही वाहक म्हणून उल्लेख केला जातो, परंतु वाळूमाशीबाबतचा पुरावा अधिक भक्कम आहे. सिंधुदुर्गात आढळणारा गोचीडजन्य माकडताप (क्यासनूर वन रोग) हा यापेक्षा सर्वस्वी निराळा आजार आहे. माणसाकडून माणसाला चांदीपुराची लागण होत असल्याचे आढळलेले नाही.

लक्षणे व परिणाम

आजार अकस्मात सुरू होतो. जोराचा ताप, उलट्या, आकडी व त्यापाठोपाठ बेशुद्धी असा क्रम असतो. सकाळी खेळणारे मूल दुसऱ्या दिवशी मृत्यूच्या दारात असते; अनेक मृत्यू लक्षणे दिसल्यापासून २४ ते ४८ तासांत होतात. ग्रामीण भागातील मुलांना मोठ्या रुग्णालयात पोहोचण्यास लागणारा वेळ म्हणूनच निर्णायक ठरतो.

पहिले काही दिवस तरलेली मुले बहुधा लवकर सावरतात. काहींमध्ये मात्र शरीराच्या एका बाजूचा अशक्तपणा किंवा बोलण्यातील अडचण मागे राहते. जपानी मेंदूज्वरात वाचलेल्यांपैकी सुमारे ३० ते ५० टक्के रुग्णांत कायमचे मज्जासंस्थेचे दोष उरतात. त्या तुलनेत चांदीपुराचे वैशिष्ट्य दीर्घ अपंगत्वापेक्षा त्वरित मृत्यू हे आहे. युरोपातील गोचीडजन्य मेंदूज्वर मुलांत सौम्य मानला जातो, परंतु तेथेही एकाग्रता व स्मरणशक्तीच्या तक्रारी पुढे टिकून राहिल्याची नोंद आहे.

मतभेद

२००३ च्या साथीतील मृत्यूंचे कारण मेंदूचा दाह नसून मेंदूच्या रक्तवाहिनीतील अडथळा होता, असे काही भारतीय बालरोगतज्ज्ञांनी मांडले.

निदान व प्रतिबंध

निदान आरटी-पीसीआर किंवा प्रतिपिंड चाचणीने होते. विशिष्ट औषध वा लस उपलब्ध नाही. उपचार ताप, आकडी, श्वसन व मेंदूवरील दाब यांचे नियंत्रण करण्यापुरते मर्यादित आहेत. कीटकनाशक फवारणी, भिंतींच्या भेगा बुजवणे, शेणाचे ढीग घरापासून दूर ठेवणे व मच्छरदाणीचा वापर यांवर भर दिला जातो. साधारण जाळीतून वाळूमाशी आत शिरू शकते, म्हणून बारीक विणीची किंवा कीटकनाशक लावलेली मच्छरदाणी वापरावी लागते.