पाहणी कोणी करायची? पटवाऱ्याच्या दप्तरापासून मोबाईलपर्यंत

आज बोलायचंय मोबाईलवर, पण सुरुवात करू या पटवाऱ्याच्या दप्तरापासून. कारण रानात काय उभं आहे हे सरकारदरबारी कोण लिहिणार, हा प्रश्न आपल्या धाराशिव जिल्ह्यात मोबाईलपेक्षा फार जुना आहे.

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. राज्यकारभाराची भाषा उर्दू. शेतकऱ्याची भाषा मराठी, आणि त्याला वाचायला यायचं नाही ते वेगळंच. मध्ये पटवारी. तो लिहील ते पीक. पुढे १९५४-५५ मध्ये खासरा पाहणी झाली. जमिनीच्या वादात आजही तिचा उतारा काढावा लागतो, हे इथं बसलेल्या अनेकांना ठाऊक आहे. मग तलाठी आला आणि सातबारा आला. सात नंबरात मालकी, बारा नंबरात पीक. नियम असा की तलाठ्याने शिवारात जाऊन बघून लिहायचं. प्रत्यक्षात चावडीत बसून मागच्या वर्षीचंच पीक पुढं ओढलं जायचं, ही तक्रार आपण लहानपणापासून ऐकत आलोय.

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. आता शेतकऱ्यानं स्वतः बांधावर उभं राहून फोटो काढायचा, मोबाईल जागा ओळखतो, नोंद होते. कल्पना चांगलीच आहे, लेखणी पहिल्यांदा शेतकऱ्याच्या हातात आली. पण लेखणीला रेंज लागत नव्हती! नोंद राहिली की बारा नंबर कोरा, आणि मग सोयाबीन हमीभावानं विकताना अडचण.

हे किती महागात पडू शकतं, ते त्याआधीच, २०२० च्या खरिपात दिसलं होतं. ऑक्टोबरमधल्या अतिवृष्टीत काढणीला आलेलं सोयाबीन गेलं. पीक विम्याचा तेव्हाचा नियम असा होता की नुकसान ७२ तासांत कळवायचं, ॲपवर, फोनवर किंवा कचेरीत जाऊन. आता बघा, ज्या पावसानं पीक जातं त्याच पावसानं वीज जाते, रस्ता जातो, टॉवर बंद पडतो. वर कोरोनाचे दिवस. वेळेत कळवलं नाही म्हणून विमा कंपनीनं भरपाई नाकारली. शेतकरी औरंगाबाद खंडपीठात गेले. मे २०२२ मध्ये निकाल लागला, साडेतीन लाखांहून जास्त शेतकऱ्यांना भरपाई द्या. त्याच वर्षी सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयानेही शेतकऱ्यांच्याच बाजूने आदेश दिला.

आम्हाला यात महत्त्वाचं वाटतं ते हे. सरकारी यंत्रणेनं गावोगाव फिरून पंचनामे केले होते. म्हणजे ज्या तलाठ्याच्या कागदाला आपण इतकी वर्षं नावं ठेवली, तो कागद मोबाईल नसलेल्याच्या बाजूने उभा राहिला.

त्यानंतरही गावात काय झालं? ज्याला ॲप जमत नाही तो ऑनलाइन सेंटरवर जातो. ओटीपी येतो मुलाच्या फोनवर, आणि मुलगा पुण्याला कंपनीत. तो जेवणाच्या सुट्टीत फोन उचलेल तेव्हा आकडा सांगणार, तोवर ओटीपीची मुदत संपलेली.

सरकारलाही हे दिसलं असावं. आता शेतकऱ्यांची मुदत संपली की उरलेल्या गटांची नोंद करायला गावोगाव सहायक नेमतात. तो शिवारात चालत जातो आणि पीक बघून नोंद करतो. खांद्यावर दप्तर नाही एवढंच.