दस्ता तुटला तर?

दरवर्षी 9 सप्टेंबरला नंदुरबारमध्ये शिरीषकुमार मेहता आणि त्याच्या चार सोबत्यांची आठवण काढली जाते. 1942 साली तिरंगा घेऊन निघालेल्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि हे पाचजण गेले. यंदा वर्गात हे सांगत असताना एका मुलाने विचारले, "सर, पोलिसांच्या रायफलीचा दस्ता तुटला असता तर? माझ्या अब्बूंसारख्या वेल्डिंगवाल्याने जोडून दिला असता का?"

मुले हसली. मला मात्र प्रश्न आवडला.

दस्ता हा शब्द फारसी. दस्त म्हणजे हात. दस्तखत, दस्तावेज त्याच घरातले. इंग्रजांच्या ली-एनफिल्ड रायफलीत दर गोळीला हा दस्ता वर उचलून मागे ओढायचा, पुढे ढकलून खाली दाबायचा. तो खाली बसला की बोल्टला कुलूप लागते. बार उडताना मागे येणारा सगळा धक्का त्या कुलपाच्या दातांवर येतो.

जर्मन माउझर रायफलीत मुख्य दात बोल्टच्या पुढच्या टोकाला, दस्त्यापासून लांब असतात. ली-एनफिल्डमध्ये ते मागे, दस्त्याच्या जवळच आहेत. तिथे वेल्डिंगची आच लागली तर दातांच्या पोलादाला दिलेले पाणी उतरते. बाहेरून जोड पक्का दिसतो, आत कुलूप नरम पडते. धोका बंदूक चालवणाऱ्याच्या तोंडाशी.

दुसरी गोष्ट कायद्याची. 1857 च्या उठावात खानदेशातले भिल्लही लढले होते. पुढे 1878 च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय हत्यार बनवणे, बदलणे, विकणे गुन्हा ठरवले. गावच्या लोहाराकडे नांगराचा फाळ उरला. रायफली बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्यात बनू लागल्या. आजच्या 1959 च्या कायद्यातही धंदा म्हणून बंदूक दुरुस्त करायला परवाना लागतो.

म्हणजे त्या दिवशी एका बाजूला कारखाना, कायदा आणि सरकार होते. दुसऱ्या बाजूला मुलांचे रिकामे दस्त आणि एक झेंडा.

दुसऱ्या दिवशी तो मुलगा म्हणाला, "सर, अब्बू म्हणतात, गाडीचा पाटा वेल्ड केला तर जोड टिकतो, शेजारी मोडतो."

मी पुस्तकांतून शोधले, ते त्यांना हाताने माहीत होते.